बॉक्स दोनदा बदलला, तरी संध्याकाळ झाली की चित्र फुटतंयच

आमच्याकडं काय झालं ते आधी सांगतो, मग तुमच्याकडं काय असू शकतं ते बघू. कोल्हापुरात शिवाजी पेठेतलं जुनं घर, खाली आई-आण्णांचा टीव्ही, वर आमचा, आणि मागच्या खोलीत काकूंचा जाड पाठीचा जुना डबा. केबल डिजिटल झाल्यापासनं खालच्या टीव्हीवर संध्याकाळी साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान चित्र फुटायचं, म्हणजे माणसाच्या तोंडाचे चौकोन चौकोन होऊन अर्धं तोंड इकडं अर्धं तिकडं, आवाज कट कट कट, मधेच पडदा काळा आणि 'नो सिग्नल'. आठ वाजता परत सगळं ओके. आणि रोज नाही बरं का, आठवड्यातनं चार-पाच दिवस, म्हणून तर सापडेना.

केबलच्या पोराला फोन केला की तो येणार सकाळी अकराला, आणि सकाळी अकराला चित्र आरशासारखं. तो बघणार, हसणार, म्हणणार "दादा, ओके हाय की सगळं", आणि जाणार. दोनदा बॉक्स बदलून झाला, एकदा ॲडॅप्टर, एकदा बॉक्सच्या मागची दीड फुटाची वायर. शेवटी तो म्हणाला "वरनंच प्रॉब्लेम असंल". वरनं म्हणजे कुठनं ते त्यालाही माहीत नाही आणि मलाही नाही.

आई मात्र पहिल्या आठवड्यापासनं एकच सांगत होती, "मोटर लावली की हुतंय ते, मी तवाच म्हणालो हुतो". आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं संध्याकाळी, मग हौदातलं पाणी टाकीत चढवायला मोटर. मी म्हटलं मोटरचा आणि टीव्हीचा काय संबंध, टीव्ही पाण्यावर चालतोय काय. चार महिने घालवले तसेच. आणि निघालं तेच, मोटर. म्हणजे नुसती मोटर नाही, मोटर आणि माळ्यावरचा बूस्टर, म्हणजे केबलचा सिग्नल वाढवायचं यंत्र, पण त्या बूस्टरपर्यंत पोचायला मला जेवढा वेळ लागला तेवढा तुम्हाला लागू नये म्हणून हे सगळं लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ॲनालॉगला, म्हणजे बॉक्स यायच्या आधीच्या जुन्या केबलला, सगळं चालायचं. वायर कुजलेली असू दे, पिन नुसती खोचलेली असू दे, सिग्नल जेवढा खराब तेवढं चित्र खराब, मुंग्या यायच्या, सावली पडायची, रंग उडायचा, पण मॅच कळायची आणि सिरियल बघून व्हायची. डिजिटलचं तसं नाही. सिग्नलमधल्या चुका बॉक्स आतल्या आत दुरुस्त करत बसलेला असतो आणि तुम्हाला पत्ताच नसतो की लाईन किती वाईट आहे, चित्र एकदम कडक. आणि जरा त्याच्या ताकदीबाहेर गेलं की तो हातच वर करतो. पन्हाळ्याच्या तटाच्या कडेनं चालल्यासारखं आहे हे, शेवटच्या पावलापर्यंत काही होत नाही. त्यामुळं दिवसभर चित्र चांगलं दिसतंय म्हणजे लाईन चांगली आहे असं अजिबात समजू नका, कदाचित दिवसभर कडेवरच उभी असेल आणि संध्याकाळी कुणीतरी हलका धक्का देत असेल.

आपल्याकडं झालं काय, बॉक्स नवा आला पण घरातली वायरिंग तीच राहिली. केबल डिजिटल करायचं काम टप्प्याटप्प्यानं झालं, पुणे, सोलापूर दुसऱ्या टप्प्यात होती, मार्च २०१३ ची मुदत. कोल्हापूर तिसऱ्या टप्प्यात, त्याची मुदत आधी ३१ डिसेंबर २०१५ होती, मग कोर्टकचेऱ्या, आणि शेवटी ३१ जानेवारी २०१७ ला ॲनालॉग बंद ठरलं. त्या वेळी बॉक्स घ्यायला एवढी झुंबड उडालेली की पोरं येऊन बॉक्स लावायची, चित्र दिसलं की सही घेऊन पुढच्या घरी. भिंतीतली वायर, माळ्यावरचा एका वायरच्या दोन-चार करणारा स्प्लिटर, कपाटामागं लोंबणारं जुनं टोक, ह्यांच्याकडं कुणी बघितलं नाही. आमची वायर तर माझ्या लहानपणीची आहे. म्हणून माझं सरळ म्हणणं, बॉक्स एकदा बदलून फरक पडला नाही तर दुसऱ्यांदा बदलू नका, भिंतीकडं बघा.

आता तपासायचं कसं.

बॉक्सच्या मेनूत सेटिंगमध्ये कुठंतरी सिग्नल नावाचं पान असतं, काही रिमोटवर इन्फोचं बटण दोनदा दाबलं की येतं. त्यात दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. बहुतेक लोक फक्त पहिली बघतात, ऐंशी टक्के आहे म्हणजे झालं. तसं नाही. स्ट्रेंग्थ म्हणजे आवाज किती मोठा, क्वालिटी म्हणजे शब्द कळतायत का. महाद्वार रोडवर गर्दीत कुणी तुमच्या कानात ओरडलं तर आवाज मोठा असतो पण काय म्हणाला ते कळत नाही, तसं. दोन्ही कमी असेल तर वायर, जॉईंट, नाहीतर एका वायरवर फार टीव्ही. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी खाली असेल तर मात्र लाईनमध्ये घाण मिसळतीय, बूस्टर, पाणी, उघडं टोक ह्यातलं काहीतरी. दोन्ही चांगल्या आणि तरी चित्र फुटतंय तर मग बॉक्स, ॲडॅप्टर नाहीतर एचडीएमआय वायर.

आणि हे प्रॉब्लेम चालू असताना बघायचं. चांगलं चालू असताना बघून काही उपयोग नाही, आमच्या केबलच्या पोरानं तेच चार महिने केलं. मी एक दिवस साडेसहाला टीव्हीसमोर वही घेऊन बसलो, दर पाच मिनिटांनी दोन्ही आकडे लिहिले. स्ट्रेंग्थ जागची हलली नाही, क्वालिटी मात्र सत्तरवरनं पंचवीस, परत पन्नास, परत वीस. आणि सात दहाला आण्णांनी मोटर बंद केली तशी क्वालिटी परत सत्तरला जाऊन बसली. मी वहीकडं बघतोय, आई माझ्याकडं बघतीय. मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी पेठेत पाणी येणार नव्हतं. चित्र कडक. तिसऱ्या दिवशी पाणी आलं पण मी मोटर लावू दिली नाही, चित्र तरी फुटलं, थोडं कमी. म्हणजे एकटी आमची मोटर नव्हे, सगळ्या गल्लीच्या मोटरी. मग मल्टिमीटर काढला. माळ्यावर ज्या बोर्डात बूस्टर खोचलेला होता तिथं दुपारी २२८ व्होल्ट, आणि संध्याकाळी आमची मोटर चालू असताना १६०-१६५. माळ्याचा बोर्ड आणि मोटर एकाच लाईनवर, त्यात जॉईंट ढिला, त्यामुळं घरात बाकीकडं एवढा फरक जाणवत नव्हता पण माळ्यावर पार बसत होतं.

आता हा बूस्टर म्हणजे ॲनालॉगच्या काळातला, आत साधा ट्रान्सफॉर्मर आणि दोन-तीन कपॅसिटर, त्यातला एक वरनं फुगलेला. व्होल्टेज पडलं की त्याच्या सप्लायमध्ये घुरघुर येते आणि ती घुरघुर सिग्नलवर बसते. तुम्हाला आठवत असेल तर बघा, पूर्वी संध्याकाळी पडद्यावर एक जाड आडवा पट्टा हळूहळू वर सरकत जायचा, गेला की दुसरा यायचा. आम्ही म्हणायचो लाईट कमी आहे. ती हीच घुरघुर, तेव्हा पट्टा म्हणून दिसायची आणि लोक तिच्यासकट बातम्या बघायचे. आता पट्टा दिसत नाही, चित्रच फुटतं. आजार तोच, लक्षण बदललं.

मग बूस्टर दुरुस्त करायचा का? नाही, काढून टाकायचा. पूर्वी कंट्रोल रूमपासनं आपल्या घरापर्यंत तांब्याची वायर आणि मधे खांबाखांबाला ॲम्प्लिफायर, शेवटच्या घरी पोचेपर्यंत सिग्नल दमलेला, त्यात ॲनालॉगला नीट चित्रासाठी जास्त सिग्नल लागायचा, म्हणून घराघरात बूस्टर. आता बऱ्याच ठिकाणी गल्लीच्या तोंडापर्यंत फायबर आलंय आणि डिजिटलला सिग्नल कमी लागतो. बॉक्सला साधारण ५० ते ६५ डीबी मायक्रोव्होल्ट (हे सिग्नल मोजायचं माप) मिळालं तरी तो खूश असतो. उलट जास्त दिलं तर वाईट, बूस्टर फुल्ल करून ठेवला की तो स्वतःच सिग्नल वाकडा करतो. लोकांना वाटतं चित्र फुटतंय म्हणजे सिग्नल कमी, आणि बूस्टरचा स्क्रू अजून पिळतात, मीही पिळलाय.

बूस्टर काढला, आत येणारी वायर सरळ स्प्लिटरला जोडली, चित्र लगेच सुटलं. नंतर केबल कंपनीचा मीटरवाला माणूस आला, ह्या वेळी मी मुद्दाम संध्याकाळी बोलावला, त्यानं आकडे दाखवले. बूस्टर लावून मोटर चालू केली तर एमईआर २२-२४ मध्ये नाचत होता, बूस्टर काढल्यावर ३४ ला स्थिर. हा एमईआर म्हणजे बॉक्सवरच्या क्वालिटीचा खरा आकडा समजा, तीसच्या वर असला की शांत झोपायचं, पंचविसाच्या खाली आला की कधीही फुटणार. तुमच्याकडं मीटरवाला आला तर लेव्हल किती हे सगळेच विचारतात, तुम्ही एमईआर किती ते विचारा, लगेच माणूस जरा नीट काम करायला लागतो.

तुमच्या घरी मोटर नसेल, बूस्टर नसेल, तर काय? तर अर्धं-अर्धं करत जायचं. घरात केबल जिथनं पहिल्यांदा आत येते, जिन्यावर, गच्चीवर, खिडकीशी, तिथं बॉक्स आणि एखादा छोटा टीव्ही घेऊन जा, एक्स्टेंशन बोर्ड लागेल, आणि आत येणारी वायर दुसरं काही मधे न घेता थेट बॉक्सला लावा. तिथंही फुटत असेल तर दोष बाहेरचा, केबलवाल्याला उभं करून दाखवा, मग त्याला "घरातलं वायरिंग बघा" म्हणता येत नाही. तिथं चांगलं असेल तर दोष तुमच्या घरात, आणि मग स्प्लिटरच्या पुढं, मग भिंतीच्या वायरच्या पुढं, असं एकेक टप्पा करत या. टीव्ही उचलून जिना चढायचा कंटाळा येतो मान्य आहे, पण चार महिने भांडण्यापेक्षा अर्धा तास बरा.

घरात सगळ्यात जास्त दोष सापडतो पिनमध्ये. आमच्या खालच्या टीव्हीची पिन उघडून बघितली तर आतली तांब्याची तार हिरवी, पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना तशी कळकलेली, आणि भोवतीच्या जाळीचे दोन केस मधल्या तारेला चिकटलेले. ॲनालॉगच्या वेळी पोरं वायर दातानं सोलून तार पिनमध्ये खोचायची आणि वर काळी टेप गुंडाळायची, झालं कनेक्शन. आता एफ कनेक्टर लावा, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची पिन, पिळून बसवायचा नको, दाबून बसवायचा मिळतो तोच, त्याला पक्कड वेगळी लागते, केबलवाल्याकडं असते. वरचं काळं साल काढायचं, जाळी मागं दुमडायची, तिचा एकही केस मधे येऊ द्यायचा नाही, मग पांढरं इन्सुलेशन साधारण ६-७ मिलिमीटर सोलायचं, सुरीची धार मधल्या तारेला लागू द्यायची नाही, आणि कनेक्टर बसवल्यावर तार तोंडाच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर दिसली पाहिजे. आखूड राहिली तर बॉक्समध्ये नीट पोचत नाही, कधी लागते कधी नाही, पंखा लावला की हलते, दार आपटलं की हलते, आणि तुम्ही म्हणणार वरनंच प्रॉब्लेम आहे.

वायरही बघून घ्या. तिच्यावर छापलेलं असतं, आरजी ६ किंवा आरजी ५९. आरजी ५९ बारीक, जुन्या घरांत तीच असते, लांब गेली की वरच्या फ्रिक्वेन्सीवर बराच सिग्नल खाते. दहा फुटांसाठी चालेल, गच्चीपासनं तळमजल्यापर्यंत नको. आणि जिथनं वायर बाहेरनं आत येते तिथं आत शिरायच्या आधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोळाच्या तळाशी टपकून जाईल, वायर धरून आत येणार नाही. आपल्याकडं जुलैत पाऊस लागला की आठ-आठ दिवस थांबत नाही, एकदा वायरच्या जाळीत पाणी शिरलं की उन्हाळ्यात सुद्धा ती वायर नीट होत नाही, ती कापून टाकायची.

स्प्लिटर. एकाची दोन केली की साधारण साडेतीन-चार डीबी जातं, एकाची चार केली की सात-आठ. त्यामुळं तीन टीव्ही असताना 'पुढं लागला तर असू दे' म्हणून सहा तोंडाचा लावू नका. आणि जी तोंडं रिकामी आहेत त्यांना ७५ ओहमची टोपी लावा, टर्मिनेटर म्हणतात, अगदी स्वस्त असतो. कपाटामागं पूर्वी टीव्ही होता म्हणून सोडलेली उघडी वायर, ती तर सगळ्यात वाईट, सिग्नल तिच्यातनं जाऊन टोकावर आपटून परत येतो. ॲनालॉगच्या वेळी त्याचीच सावली दिसायची, हिरोच्या बाजूला दुसरा फिकट हिरो. डिजिटलमध्ये सावली नाही, पण काही ठराविक चॅनल कायम फुटतात.

हे 'काही ठराविक चॅनल' जरा समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. ॲनालॉगमध्ये एका फ्रिक्वेन्सीच्या जागेत एक चॅनल बसायचं. डिजिटल केबलमध्ये ८ मेगाहर्ट्झच्या तेवढ्याच जागेत सेकंदाला साधारण ३८ मेगाबिट जातात, म्हणजे साधी दहा-बारा चॅनल आरामात, नवीन पद्धतीनं दाबली तर त्याहून जास्त. त्यामुळं एक फ्रिक्वेन्सी खराब झाली की दहा-बारा चॅनल एकदम जातात, आणि ती नंबरानं शेजारी नसतात. काकूंचं एक मराठी चॅनल, एक कार्टून, एक तेलुगू आणि एक भक्तीचं एकाच वेळी गेलतं, काकू म्हणाल्या पॅकेज संपलं. पॅकेज नव्हतं, चारीची फ्रिक्वेन्सी एक होती. मेनूतल्या सिग्नलच्या पानावर प्रत्येक चॅनलची फ्रिक्वेन्सी दिसते, फुटणाऱ्या पाच-सहा चॅनलचे आकडे लिहून काढा. सगळे आकडे वरचे असतील, सहाशे-सातशेच्या पुढचे, तर वायर जुनी नाहीतर लांब आहे. एकच आकडा असेल तर उघडं टोक किंवा बाहेरनं काही शिरतंय.

बाहेरनं शिरणं म्हणजे काय, तर केबलचा सिग्नल जवळजवळ ८६२ मेगाहर्ट्झपर्यंत असतो आणि मोबाईलचे ७०० आणि ८५० चे पट्टे त्याच्यातच येतात. वायर आणि पिन नीट असली तर काही होत नाही, जाळी बाहेरचं अडवते. पिन ढिली असली की मोबाईल आत शिरतो. पोरगं बॉक्सवरच फोन ठेवून चार्जिंगला लावत असेल तर आधी तो तिथनं उचला आणि बघा.

आता जे सिग्नलचं नसतंच ते पटापट सांगतो. फुकटची चॅनल चालू आणि पैशाची सगळी एकदम गायब, तर ते रिचार्जचं, पिन उघडत बसू नका. पैसे भरूनही आली नाहीत तर बॉक्स चालू ठेवून एखाद्या चॅनलवर अर्धा-एक तास तसाच सोडा, चालू करायचा हुकूम केबलमधनंच येतो, बॉक्स बंद असताना तो कुणाला ऐकवणार. १ फेब्रुवारी २०१९ पासनं चॅनल निवडून घ्यायची पद्धत आली त्या महिन्यात आमच्या गल्लीत निम्म्या लोकांनी हा असला प्रॉब्लेम सिग्नलचा समजून केबलच्या पोराला शिव्या घातल्यात.

बॉक्स आपोआप बंद होऊन परत चालू होतोय, तर ॲडॅप्टर. नुसता मीटर लावला तर बारा व्होल्ट दाखवेल आणि तुम्ही फसाल, लोड आला की तो नऊवर येतो. शेजारचा तसलाच ॲडॅप्टर आणून लावा, व्होल्ट आणि अँपिअर वरचं वाचून, दुसरा कुठला ढकलू नका. बॉक्सवर क्रोशाचा रुमाल घातलेला असेल तर काढा. हे मी आईला सांगितलं नाही, तुम्ही तुमच्या आईला सांगा.

चित्र फुटतंय तेव्हा बॉक्सचा मेनू उघडून बघा. मेनूची अक्षरं स्वच्छ आणि मागचं चित्रच फुटतंय तर दोष सिग्नलचा. अक्षरं पण तुटतायत, तर दोष बॉक्सच्या पुढं, एचडीएमआय वायर किंवा टीव्ही.

जुन्या डब्याचं वेगळं. काकूंच्या टीव्हीला तीन पिना, लाल-पांढरी-पिवळी. लावल्या तर चित्र काळंपांढरं. काकू म्हणाल्या आमच्या लग्नातला टीव्ही पण असाच होता. बॉक्सच्या सेटिंगमध्ये रंगाची पद्धत एनटीएससी झालती, ती आपल्याकडची पाल केली की रंग आले. नव्या टीव्हीत हेच झालं तर पिवळी पिन हिरव्या भोकात गेलीय का आणि टीव्हीत एव्ही निवडलंय का ते बघा. माणसं लांबट दिसत असतील तर बॉक्समध्ये ४:३ करा. आणि टीव्हीचा स्वतःचा ऑटो सर्च मारू नका हो, केबलची चॅनल बॉक्स शोधतो, टीव्ही नाही. टीव्ही तासभर शोधत बसेल आणि शून्य चॅनल दाखवेल.

गच्चीवरच्या अँटिनाबद्दल आमचे आण्णा अजून विचारतात, तो परत लावला तर डिजिटल येईल का. कोल्हापुरात नाही. दूरदर्शननं अँटिनावरचं डिजिटल २०१६ ला मुंबई, औरंगाबाद अशा मोजक्या शहरांत सुरू केलतं, त्यात आपण नव्हतो, आणि जुनं ॲनालॉग प्रक्षेपण देशभर टप्प्याटप्प्यानं २०२२ पर्यंत बंद झालं, सीमेकडची थोडी ठिकाणं सोडून. त्यामुळं अँटिनावर आता कावळेच बसणार. फुकट बघायचं असेल तर छत्री, डीडी फ्री डिश, २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली तेव्हा नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं, महिन्याचं भाडं नाही.

पन्हाळ्याच्या पायथ्याला माझ्या दाजींकडं ही छत्री आहे आणि त्यांचा फोन दर पावसाळ्यात ठरलेला, "टीव्ही गेला, ये". जोराचा पाऊस चालू असताना चित्र गेलं तर काही करू नका, ह्या फ्रिक्वेन्सीला पावसाचे थेंब अडवतात, पाच-दहा मिनिटं चहा प्या. पाऊस थांबून तास झाला, ऊन पडलं तरी येत नाही, तर मग एलएनबीच्या, म्हणजे छत्रीच्या दांडीच्या टोकावर सिग्नल पकडणारा भाग असतो त्याच्या, पिनेत पाणी शिरलंय, पिन नवीन करा, वर रबराची टोपी असते ती खाली ओढा. आणि पाऊस नसतानाही हळूहळू एकेक चॅनल कमी होत गेलं तर छत्री हललीय नाहीतर झाड वाढलंय. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट १५, तो ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे कोल्हापुरातनं बघितलं तर आग्नेय दिशेला, होकायंत्रावर १२९-१३० अंश, आणि जमिनीपासनं साधारण ६० अंश वर. छत्रीकडं बघून वाटतं ती एवढं वर बघत नाही, कारण ह्या छत्र्यांची मधली दांडी खालनं तिरकी येते, पत्रा दिसतो त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वरचं ती बघत असते. तेव्हा पत्र्याच्या समोर सरळ नाही, जरा वर नजर टाकून बघा की काय आडवं येतंय. आणि मार्चच्या मध्याला किंवा सप्टेंबरच्या शेवटी, पाऊस नाही ढग नाही, सकाळी अकराच्या आसपास रोज काही मिनिटं चित्र जातंय असं चार-सहा दिवस झालं, तर सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागं आलाय, आपोआप जातं ते. दाजींनी त्या चार दिवसांत गावातल्या पोराला दोनदा छत्री हलवायला लावली, मग ती खरंच हलली.

गच्चीवर चढताना एवढंच, ओल्या पत्र्यावर नको, आणि केबलच्या पिनेला हात लावल्यावर झिणझिणी येत असेल तर आधी बॉक्स आणि टीव्ही दोन्हीचे प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनकडनं अर्थिंग तपासून घ्या, आमच्या माळ्यावरचा बोर्ड तसाच होता. एप्रिल-मे मध्ये वळवाचं आभाळ आलं, कडकडायला लागलं की प्लगबरोबर केबलची पिनही काढून ठेवा, नुसता स्विच बंद करून भागत नाही, वीज वायरीतनं पण येते. आमचा पहिला बॉक्स असाच गेलता, आणि त्याचं बिल पण मी केबलच्या पोरावर फाडलं होतं.

सध्याची आमच्या घरातली स्थिती अशी, बूस्टर काढला, तीन तोंडाचा नवा स्प्लिटर, खाली आरजी ६, कपाटामागचं टोक कापून टाकलं, माळ्याचा बोर्ड मोटरच्या लाईनवरनं वेगळा केला. मोटर चालू, गल्लीतल्या सगळ्या मोटरी चालू, आणि सात वाजताची सिरियल एकदाही फुटत नाही. आई आल्या-गेल्याला सांगते, मोटरचं हुतं म्हणून, मी सांगितलो हुतो.